डिस्क रिकामी, तरी म्हणे जागा नाही!

लिनक्सवर एकाच वेळी दोन वेबकॅम लावून बघा. पहिल्याचं चित्र झकास येतं. दुसरा सुरू करायला जावं तर टर्मिनलवर ओळ उमटते: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. माणूस आधी डिस्क तपासतो. निम्मी मोकळी. तरी खात्रीसाठी जुने व्हिडिओ उडवतो, ट्रॅश रिकामा करतो, मशीन रीस्टार्ट करतो. ओळ तीच!

ही जागा डिस्कवरची नाहीच, यूएसबीच्या तारेतली आहे. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक एररला ठरलेला नंबर असतो आणि 'जागा संपली'चा नंबर आहे २८. डिस्क भरली तरी कर्नल २८ सांगतं आणि यूएसबीवर नव्या कॅमेऱ्याला द्यायला वेळ उरला नाही तरी २८च. वरच्या प्रोग्रॅमच्या हाती फक्त नंबर पडतो आणि तो त्या नंबरापुढचं ठरलेलं वाक्य छापून मोकळा होतो.

वेबकॅम अडला की बरेच जण 'लिनक्सवर हे असंच चालायचं' म्हणून सोडून देतात. मला ते अजिबात पटत नाही. लिनक्स अशा वेळी भरभरून बोलत असतं. ते बोलणं वाचायला लागलं की एवढ्याशा डबीच्या पोटात काय काय चाललंय ते उलगडत जातं, आणि ती डबी आपल्यासाठी चालू करून ठेवणारी माणसंही भेटतात.

अवघ्या १४४ बाइटनी हुकलं

दोन कॅमेऱ्यांच्या भांडणाचा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल असा आहे. यूएसबी २.० हे मानक एप्रिल २००० मधलं. वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. ही तार प्रत्येक सेकंदाचे ८,००० तुकडे करते आणि एका तुकड्यात ७,५०० बाइट मावतात. थेट चित्र आणि आवाज वेळेवरच पोहोचायला हवेत, म्हणून त्यांच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. पण सगळी जागा राखून ठेवली तर पेनड्राइव्हसारख्यांनी जायचं कुठे? म्हणून नियम असा की फार तर ८० टक्के राखीव. म्हणजे ६,००० बाइट.

आता कॅमेऱ्याकडे बघू. असल्या राखीव वाहतुकीत एका कॅमेऱ्याला दर तुकड्यामागे जास्तीत जास्त ३,०७२ बाइट मागता येतात. दोघांनी कमाल मागणी केली तर ६,१४४. मर्यादा ६,०००. अवघ्या १४४ बाइटनी दुसरा कॅमेरा बाहेर!

आणि बरेच वेबकॅम गरज असो-नसो, कमालच मागतात. प्रवासी एकटा, पण रिझर्व्हेशन अख्ख्या डब्याचं. लिनक्स बिचारं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं. यावर इलाज आहे. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर 'यूव्हीसीव्हिडिओ' हा 'क्वर्क्स=१२८' असं सांगून पुन्हा लोड केला की न दाबलेल्या चित्रासाठी तो कॅमेऱ्याचं न ऐकता स्वतः हिशेब करतो आणि लागेल तेवढीच जागा राखतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दुसरा कॅमेरा वेगळ्या यूएसबी कंट्रोलरच्या पोर्टला लावायचा. कुठलं पोर्ट कुणाच्या हाताखाली आहे, ते 'एलएसयूएसबी -टी' ही कमांड झाडासारखं काढून दाखवते. शेजारशेजारची दोन पोर्टं बहुतेक वेळा एकाच फांदीवर निघतात, तेव्हा डोळ्यांवर जाऊ नका.

एचडी घ्या, पण सेकंदाला दहाच!

'कॅमेरा एचडी म्हणून घेतला आणि चित्र अडखळतंय' ही तक्रार ऐकली की मला कागद-पेन काढावंसं वाटतं. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० ठिपके. न दाबलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला २ बाइट. सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार येतो १,८४,३२,००० बाइट.

आता १२८० बाय ७२० चं चित्र घ्या आणि सेकंदाला फक्त १० चित्रं धरा. गुणाकार येतो १,८४,३२,०००. एका बाइटचाही फरक नाही! ७२० च्या चित्रात ठिपके बरोबर तिप्पट, म्हणून तेवढ्याच वाहतुकीत चित्रं बरोबर एक तृतीयांश. यूएसबी २.० च्या कॅमेऱ्यांच्या यादीत 'एचडी, सेकंदाला दहा' असा चमत्कारिक वाटणारा पर्याय दिसतो त्याचं गणित हे आहे.

तेच चित्र कॅमेऱ्याने आतल्या आत जेपीईजीत दाबून पाठवलं, की सेकंदाला ३० सहज जमतात. 'एमजेपीजी' नावाचा पर्याय तो. 'व्ही४एल२-सीटीएल' या कमांडला 'लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट' विचारलं की कॅमेरा कुठल्या मापात, कुठल्या पद्धतीत, किती वेगाने चित्र देऊ शकतो याची पूर्ण यादी हातात येते. नवा कॅमेरा घेतल्यावर मी तरी सगळ्यात आधी हीच यादी बघेन. खोक्यावर छापलेल्या आकड्यांपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक असते.

आधी हजेरी

कॅमेरा चालेना की लोक सेटिंग्ज उघडतात, ॲप काढून पुन्हा टाकतात. त्याआधी एक मिनिट 'एलएसयूएसबी' चालवावं. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एक ओळ येते आणि ओळीत कोलनने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. '०४६डी' दिसलं तर लॉजिटेक.

या आकड्यांतही मजा आहे. इंटेलच्या वाट्याचे आकडे आहेत ८०८६ आणि ८०८७. पहिला त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा, दुसरा त्याच्या जोडीने गणितं करणाऱ्या चिपचा. आणि यादीत '१डी६बी' हा आकडा हमखास भेटतो, त्यापुढे नाव असतं लिनक्स फाउंडेशनचं. त्यांच्याकडून तर आपण काहीच विकत घेतलेलं नसतं! तो कॉम्प्युटरच्या आतला मूळ हब. कर्नल स्वतःच त्याची हजेरी लावतं आणि स्वतःच्या घरचा आकडा देतं. पुढचा आकडा २ असेल तर यूएसबी २.०, ३ असेल तर ३.०.

या यादीत कॅमेरा नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. दोष केबलचा, पोर्टचा किंवा कॅमेऱ्याचा. मग कर्नलचं बोलणं दाखवणारी 'डीमेसेज' कमांड चालवून बघा. तिथे उणे ७१ दिसलं तर कॅमेऱ्याचं बोलणं तारेत वेडंवाकडं होऊन पोहोचतंय, आणि उणे ११० दिसलं तर त्याने उत्तरच दिलेलं नाही. दोन्ही वेळा पहिला संशय केबलवर घ्यावा. यूएसबी २.० ची केबल फार तर ५ मीटर, त्यापुढे खात्री नाही. देवघरातली पूजा परदेशातल्या मुलांना दाखवायची म्हणून एकापुढे एक एक्स्टेन्शन लावून कॅमेरा ओढत नेला की उणे ७१ भेटायला येणारच. मध्ये स्वतःची वेगळी वीज घेणारा हब टाकला की बहुतेक वेळा भागतं.

डॉक्टरांनी वाचवलेले कॅमेरे

या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत प्रिय आहे ती मिशेल झार यांची. फ्रान्समधले हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. दोन हजारच्या दशकात बाजारात शेकडो स्वस्त वेबकॅम आले होते. खोक्यात विंडोजची सीडी असायची, लिनक्सचं नावही नसायचं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आत वेगळी चिप, वेगळा सेन्सर, चित्र दाबण्याची वेगळी तऱ्हा आणि कागदपत्रं जवळजवळ शून्य. या डॉक्टरांनी एकेक चिप समजून घेतली आणि 'जीएसपीसीए' नावाचा ड्रायव्हर वाढवत नेला. बघता बघता त्यात दोनशेहून जास्त कॅमेरे चालू लागले. पुढे ज्याँ-फ्रान्स्वा म्वान यांनी त्याची नव्याने मांडणी केली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो कर्नल २.६.२७ मध्ये दाखल झाला.

याचं फळ आजही मिळतं. माळ्यावर पडलेला, कंपनीने केव्हाच टाकून दिलेला, नव्या विंडोजसाठी ज्याचा ड्रायव्हर निघालाच नाही असा वेबकॅम लिनक्सला लावला की बऱ्याचदा काहीही न टाकता सुरू होतो. ना सीडी, ना डाउनलोड. कुणीतरी आपल्या मोकळ्या वेळात, अनोळखी माणसांच्या स्वस्त कॅमेऱ्यांसाठी एवढं करतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

२००८ च्याच जुलैमध्ये, कर्नल २.६.२६ बरोबर, दुसरा महत्त्वाचा ड्रायव्हर आला: लॉराँ पँशार यांचा 'यूव्हीसीव्हिडिओ'. सप्टेंबर २००३ मध्ये यूएसबीवाल्यांनी व्हिडिओ उपकरणांसाठी एक सामायिक बोली ठरवून दिली, तिचं नाव यूव्हीसी. ही बोली जो कॅमेरा बोलतो त्याला वेगळ्या ड्रायव्हरची गरजच नाही. आज दुकानातला जवळपास प्रत्येक यूएसबी वेबकॅम ती बोलतो. शंका असेल तर 'एलएसयूएसबी -व्ही' मध्ये कॅमेऱ्याचा वर्ग बघा. १४ दिसला की तो यूव्हीसी.

फिलिप्सच्या कॅमेऱ्यावरून झालेली खडाजंगी

ऑगस्ट २००४. फिलिप्सच्या वेबकॅमचा 'पीडब्ल्यूसी' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता, पण अर्धाच उघडा. मोठं चित्र उलगडण्याची युक्ती बंद डब्यात होती, कारण लेखकाने कंपनीशी गुप्ततेचा करार केलेला. हा बंद डबा जोडता यावा म्हणून ड्रायव्हरमध्ये एक खुंटी ठेवली होती. कर्नलच्या मंडळींचं म्हणणं पडलं, फक्त बंद वस्तू टांगण्यासाठीची खुंटी आमच्या भिंतीवर नको. खुंटी काढली गेली. लेखक इतका दुखावला की त्याने अख्खा ड्रायव्हरच परत मागितला, आणि तो काढलाही गेला. हजारो लोकांचे चांगले कॅमेरे अधांतरी!

मग ल्युक सैयार नावाच्या कार्यकर्त्याने बंद डब्यातलं काम अभ्यासून पूर्ण उघडं लिहून काढलं आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये परतला, या खेपेला धडधाकट. लेखकाची अडचण खरी होती, पण माझं मत कर्नलवाल्यांच्या बाजूने पडतं. बंद डबा तसाच राहिला असता तर आज त्या कॅमेऱ्याचं मोठं चित्र कुणालाच मिळालं नसतं.

या भांडणात हळहळणाऱ्यांत आकाशनिरीक्षकही होते. फिलिप्सचा टूकॅम प्रो हा हौशी खगोलप्रेमींचा लाडका. पुढची लेन्स काढायची, कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी बसवायचा, गुरू-शनीचा व्हिडिओ घ्यायचा आणि शेकडो चित्रांतली स्थिर आलेली तेवढी निवडून एकावर एक रचायची. वातावरणाच्या थरथरीतून ग्रहाचे पट्टे वर येतात. साध्या व्हिडिओ-गप्पांसाठी बनवलेल्या वस्तूने शनीची कडी टिपली!

एक कॅमेरा, दोन फाइली

लिनक्समध्ये कॅमेरासुद्धा फाइल. 'डेव्ह' या फोल्डरमध्ये 'व्हिडिओ०' नावाने ती दिसते. पण एकच कॅमेरा लावला तरी आजकाल 'व्हिडिओ१' पण उगवतो आणि लोक गोंधळतात. एप्रिल २०१८ च्या कर्नल ४.१६ पासून यूव्हीसी ड्रायव्हर चित्रासोबत येणारी वेळेची वगैरे माहिती वेगळ्या फाइलीतून देतो. कुठल्या ॲपने चुकून ती उचलली की चित्र येत नाही. कॅमेरा धड आहे, दुसरी फाइल निवडा, संपलं.

मग ती फाइल 'कॅट' करून चित्र मिळेल? नाही. यूव्हीसी ड्रायव्हर असं थेट वाचू देत नाही, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परत पाठवतो.

शेवटचं छोटं अधिक चिन्ह

समोर बसून कॅमेरा चालतो आणि दुसऱ्या खोलीतून एसएसएचने त्याच मशीनवर, त्याच नावाने लॉगिन केलं की परवानगी नाही! हे कोडं मला फार आवडतं. 'एलएस -एल' ने 'व्हिडिओ०' बघा. सुरुवातीला परवान्याची अक्षरं, मालक 'रूट', गट 'व्हिडिओ', आणि पुढे ८१ हा आकडा. लिनक्समध्ये व्हिडिओच्या फाइलींना हाच आकडा असतो. आता परवान्याच्या अक्षरांच्या अगदी टोकाला बघा. तिथे बहुधा एक बारीक + असतो.

सगळी मेख तिथेच. जो माणूस प्रत्यक्ष कॉम्प्युटरसमोर बसून लॉगिन करतो त्याला कॅमेऱ्याची वेगळी, तात्पुरती परवानगी मिळते, तिची ही खूण. दुरून आलेल्याला ती मिळत नाही. नियम सुज्ञ आहे. लांबून कुणी लॉगिन केलं म्हणून त्याला तुमच्या खोलीत डोकावता येऊ नये. स्वतःलाच दुरून लागत असेल तर आपलं नाव 'व्हिडिओ' गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा. पुन्हा लॉगिन करायचं राहून गेलं की 'गटात घालूनही चालत नाही' हा नवा घोळ सुरू होतो.

उलटे लोक, हिरवे लोक

काही लॅपटॉपांत, विशेषतः आसुसच्या जुन्या मॉडेलांत, कॅमेरा झाकणात चक्क उलटा बसवलेला असायचा. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये चित्र फिरवून घ्यायची सोय होती, म्हणून तिथे कळायचं नाही. लिनक्सवर माणूस डोक्यावर उभा! हान्स द खूदे यांनी लिहिलेल्या 'लिबव्ही४एल' मध्ये अशा उलट्या लॅपटॉपांची नावानिशी यादीच आहे. लॅपटॉपचं नाव यादीत सापडलं की चित्र आपोआप सुलटं होतं.

आणि चित्राचा खालचा भाग हिरवाकंच का होतो? कॅमेरा लाल-हिरवा-निळा असे रंग पाठवत नाही. उजेड वेगळा आणि रंगाच्या दोन छटा वेगळ्या पाठवतो. छटांचं मध्य १२८ वर असतं. माहिती पोहोचलीच नाही तर तिथे शून्यं उरतात, आणि तिन्ही ठिकाणी शून्य म्हणजे काळा नव्हे, गडद हिरवा. थेट चित्राच्या वाहतुकीत हरवलेलं पुन्हा मागवण्याची सोयच नसते, कारण ते परत येईपर्यंत शिळं झालेलं असतं. तेव्हा हिरवा रंग दिसला की केबल हलवा, हब बदला, चित्राचं माप कमी करा.

न्यू जर्सीचा कॅमेरा, पुण्याची ट्यूबलाइट

चित्रात आडवे पट्टे वरून खाली सरकतायत? कॅमेरा बदलायला निघू नका. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, कारण तो चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो. काही ओळी तेज क्षणी, काही मंद क्षणी. झाले पट्टे! अमेरिकेत वारंवारता ६० आणि अनेक वेबकॅम कारखान्यातून ६० धरूनच निघतात. मग न्यू जर्सीच्या भाच्याने आणलेला कॅमेरा असो नाहीतर इथेच घेतलेला, ट्यूबखाली पट्टे पडायची शक्यता असतेच.

इलाज एका ओळीचा. 'व्ही४एल२-सीटीएल' ला 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' विचारा. ० म्हणजे बंद, १ म्हणजे ५० हर्ट्झ, २ म्हणजे ६०. आपण १ ठेवायचं. जपानात मात्र ही सेटिंग शहरावर ठरते, कारण टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. एकाच देशात दोन!

याच यादीत 'एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट' भेटतं. संध्याकाळी चित्र रेंगाळायला लागतं ते याच्यामुळे. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला ३० ची १५ होतात. हे शून्य करा, वेग टिकेल, चित्र थोडं काळवंडेल. त्यापेक्षा चेहऱ्यासमोर एक दिवा लावणं केव्हाही उत्तम.

कोण अडवून बसलंय?

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. एका वेळी एकालाच चित्र मिळतं. 'फ्यूजर' कमांडला 'व्हिडिओ०' दिलं की कॅमेरा धरून बसलेल्या प्रोग्रॅमचा नंबर हाती येतो. बहुतेक वेळा तो ब्राउझरचा विसरलेला टॅब असतो.

या अडचणीवर काम करताना विम टायमन्स यांनी २०१५ च्या सुमारास एक प्रकल्प सुरू केला. त्यांच्या स्पेनमधल्या गावावरून त्याचं नाव होतं पिनोस. पुढे तो झाला पाइपवायर. आज तुमच्या उबुंटूवर किंवा फेडोरावर गाणं वाजतं ते त्याच्यामार्फत. म्हणजे हल्लीच्या लिनक्सचा आवाज सांभाळणारं काम जन्माला आलं ते कॅमेऱ्याच्या वाटणीसाठी!

आवाजावरून आठवलं. वेबकॅमचा माइक हा यूएसबीच्या दृष्टीने वेगळंच उपकरण असतो, त्याचा ड्रायव्हरही वेगळा. चित्र आहे, आवाज नाही, तर कॅमेऱ्याला हात लावू नका. आवाजाच्या सेटिंग्जमध्ये इनपुट बदला.

तीन हजार डॉलरचं बक्षीस

नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्ससाठी काइनेक्ट आला. समोरच्या वस्तूंची खोली, म्हणजे अंतर, ओळखणारा कॅमेरा, तारेच्या टोकाला यूएसबी. ॲडाफ्रूट या कंपनीने जाहीर केलं, याचा उघडा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एक हजार डॉलर. मायक्रोसॉफ्टने नापसंती दाखवल्यावर बक्षीस वाढत वाढत तीन हजारांवर गेलं. युरोपात काइनेक्ट विक्रीला आला त्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, स्पेनच्या एक्तोर मार्तिन यांनी तो लिनक्सवर चालवून दाखवला. पुढे कर्नलमध्येही त्याचा ड्रायव्हर आला, तोही डॉक्टर झार यांच्या जीएसपीसीएच्या कुटुंबात. गंमत म्हणजे आता तोच ड्रायव्हर काइनेक्ट आधी पकडतो आणि खोली मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तो मिळत नाही. 'जीएसपीसीए_काइनेक्ट' काढून टाकलं की मोकळा.

प्लेस्टेशन ३ चा 'आय' कॅमेराही याच कुटुंबात. ६४० बाय ४८० मध्ये सेकंदाला ६० चित्रं, त्या काळी फार मोठी गोष्ट. २००९ च्या आयरायटर प्रकल्पात हाच कॅमेरा चष्म्याला लावला गेला आणि एएलएस या आजाराने अंग लुळं पडलेले लॉस एंजेलिसचे भित्तिचित्रकार टोनी क्वान केवळ डोळे हलवून पुन्हा चित्र काढू लागले. स्वस्तातला खेळण्यातला कॅमेरा, पण काम केवढं!

दिवा आणि विश्वास

जुन्या मॅकबुकवर लिनक्स टाकलं की आयसाइट कॅमेरा आधी '०५एसी:८३००' अशी ओळख सांगायचा आणि काहीच करायचा नाही. ॲपलच्या ड्रायव्हरमधून त्याचं फर्मवेअर काढून त्याला भरवलं की तो '०५एसी:८५०१' होऊन जागा व्हायचा. आतली चिप स्वतःचा प्रोग्रॅम जवळ ठेवतच नसे, दरवेळी कॉम्प्युटरकडून घ्यायची.

याच सवयीचा पुढे धोका निघाला. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की २००८ पूर्वीच्या मॅकबुकांतल्या या चिपला वेगळा प्रोग्रॅम भरवून हिरवा दिवा न लावता कॅमेरा चालू करता येतो. तेव्हापासून माझं ठाम मत, लेन्सवर सरकती पट्टी हवीच. कागदी चिकटपट्टीही चालेल.

आणि फोन?

वेबकॅम अजिबात नसेल तर? अँड्रॉइड १४ पासून पिक्सेलसारख्या काही फोनांत, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडल्यावर 'वेबकॅम' हा पर्याय येतो. तो निवडला की फोन यूव्हीसी बोलायला लागतो. लिनक्सला कळतही नाही की हा फोन आहे, 'व्हिडिओ०' उगवतो आणि चित्र सुरू. फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं, त्यामुळे तारेच्या दोन्ही टोकांना एकाच घराण्यातली मंडळी.

एवढं करूनही पर्यायच दिसत नसेल, तर 'एलएसयूएसबी' मध्ये फोनची ओळ आहे का बघा. नसेल तर हातातली केबल बहुधा नुसती चार्जिंगची आहे. तिच्यात माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दुसरी केबल घ्या.